गाभ्यापर्यंत पोचणारा घाव

मासेमारी नौकेतला मासळी ठेवायचा खण, मिरकरवाडा बंदराच्या धक्क्यावर बर्फ आणि मासळी वाहणारी उष्णतारोधक पेटी आणि रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीतील मासळी गोठवणाऱ्या कारखान्यांच्या शीतगृहांच्या भिंती, या तिन्हींची बांधणी बहुतेक वेळा एकाच तत्त्वावर झालेली असते : आतून आणि बाहेरून एकेक पातळ, कठीण थर, आणि त्या दोहोंच्या मध्ये वायूने भरलेल्या सूक्ष्म कोशांचा जाड पण अतिशय हलका फोम. अभियांत्रिकीत या बांधणीला सँडविच रचना म्हणतात. बाहेरच्या थरांना प्रस्तुत विवेचनात पृष्ठथर आणि मधल्या भागाला गाभा असे म्हटले आहे; होड्या बांधणाऱ्यांच्या शेडमध्ये हेच ‘स्किन’ आणि ‘कोअर’ या नावांनी ओळखले जातात. रत्नागिरीने ही रचना स्वीकारली ती थंडावा टिकवण्यासाठी. आघात सोसणे हा तिच्या निवडीचा हेतू नव्हता, परंतु बर्फाची लादी खणात टाकली जाते, क्रेट पेटीवर आदळतो, नौका धक्क्याला घासते आणि शेजारच्या नौकेवर आपटते, त्यामुळे आघात हा या पदार्थांच्या वाट्याला रोज येणारा अनुभव आहे. अशा आघाताखाली फोम-गाभ्याचे पदार्थ कसे वागतात, काय शोषून घेतात, आणि विशेषतः आघात होऊन गेल्यावर आपल्या आत काय लपवून ठेवतात, हा या विवेचनाचा विषय आहे.

सँडविच रचनेचे सामर्थ्य समजण्यासाठी बाक या क्रियेपासून सुरुवात करणे सोयीचे ठरते. एखादी फळी दोन टोकांवर टेकवून मध्ये दाबली, की तिचा वरचा पृष्ठभाग आकसतो आणि खालचा ताणला जातो. मधल्या भागाला यातले काहीच फारसे सोसावे लागत नाही, त्याचे काम वरच्या आणि खालच्या भागांना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर ठेवण्याचे आणि त्यांना एकमेकांवरून सरकू न देण्याचे असते. या सरकण्याच्या प्रवृत्तीला कर्तन म्हणतात. मधला भाग जर इतका कमी राबत असेल, तर तेथे जड आणि महाग पदार्थ कशाला घालावा, हा प्रश्न विचारला की सँडविच रचना आपोआप सुचते. काचतंतूंच्या एका भरीव पत्र्याचे जाडीत दोन समान भाग केले आणि त्यांच्यामध्ये हलका गाभा घालून एकूण जाडी मूळच्या दुप्पट केली, तर बाकाविरुद्धचा ताठरपणा ७ पट होतो. एकूण जाडी चौपट केली तर तो ३७ पट होतो, आणि वजनात भर पडते ती केवळ फोमची. हा हिशोब भूमितीचा आहे, त्यात रसायनाची काही करामत नाही, आणि म्हणूनच तो जसा फोमला लागू पडतो तसाच लाकडालाही. १९४० मध्ये प्रथम उडालेल्या ब्रिटिश ‘मॉस्किटो’ विमानाच्या सांगाड्यात प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा हे हलके लाकूड होते. स्वीडनच्या ‘व्हिस्बी’ वर्गातील युद्धनौकांमध्ये, ज्यांतली पहिली २००० साली पाण्यात उतरली, कार्बन तंतूंच्या थरांमध्ये पीव्हीसीचा फोम आहे.

याच किनाऱ्यावरचे, मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण गोव्यात घडले. रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डने भारतीय नौदलासाठी बांधलेली ‘म्हादेई’ ही शिडाची नौका २००९ मध्ये नौदलात दाखल झाली, आणि तिच्यातूनच दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच प्रदक्षिणा वाटेत कोठेही न थांबता केली. म्हादेईच्या कवचाचा गाभा लाकडाचा असून त्याच्या दोन्ही अंगांना काचतंतूंचे थर आहेत. महिनोन्‌महिने दक्षिण महासागराच्या लाटा झेलायच्या असतील तर गाभा फोमपेक्षा वजनदार पण चिवट असावा, ही निवड आघाताच्या दृष्टीने समजण्यासारखी आहे. लाकडाचा गाभा दाबला गेला तरी त्याचे तंतू तुटण्यापूर्वी बरेच काही सोसतात. हलक्या फोमला ती सवलत नसते.

रत्नागिरीच्या खारवी आणि दालदी मच्छीमारांच्या लाकडी होड्यांची बांधणी याहून अगदी निराळ्या विचाराची होती. तळाला लांबलचक पठाण, त्यावर बसवलेले वांक म्हणजे होडीच्या बरगड्या, आणि त्यांना जडवलेल्या साग किंवा ऐनाच्या फळ्या; फळ्यांमधल्या सांध्यांत तेलाने माखलेला कापूस ठोकून भरण्याच्या कामाला कलाफत म्हणतात. अशा होडीवर आघात झाला तर फळी चिरते, सांधा उघडतो आणि पाणी आत येऊ लागते; नुकसान डोळ्यांना दिसते, आणि जिथे दिसते तिथेच ते असते. नंतर आलेल्या फायबरच्या होड्यांनीही हा गुण बऱ्याच अंशी राखला, कारण त्यांपैकी लहान होड्यांचे कवच बहुधा काचतंतूंच्या मॅट आणि रोव्हिंगचे भरीव लॅमिनेट असते, म्हणजे एकावर एक बसवून रेझिनने घट्ट केलेल्या थरांचा अखंड पत्रा. फोम त्यांच्यात असतो तो तरंगशक्तीसाठी, बैठकीखालच्या बंद कप्प्यांत. वाळूवरून ओढल्या जाणाऱ्या, खडकाळ चरांतून जाणाऱ्या होडीचा तळ भरीव ठेवण्याचा हा रिवाज कोणी मागासलेपणाचा म्हणेल, पण तो शहाणपणाचा आहे. क्रीडानौका बांधणारेही अनेकदा जलरेषेखाली भरीव लॅमिनेट आणि वर सँडविच अशीच विभागणी करतात. प्रश्न उभा राहतो तो जिथे सँडविच रचना टाळता येत नाही तिथे, म्हणजे खणात, डेकवर, केबिनमध्ये आणि वेगाने जाणाऱ्या गस्ती नौकांच्या कवचात.

फोम हा पदार्थ म्हणून समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खणांत आणि शीतगृहांत वापरला जाणारा ‘पफ’ हा पॉलियुरेथेनचा कडक फोम असून त्याची घनता घनमीटरला साधारण ३५ ते ४० किलो असते; नौकाबांधणीतला संरचनात्मक फोम बहुधा पीव्हीसीचा, घनमीटरला ६० ते २०० किलोंच्या दरम्यानचा. पीव्हीसी हे नाव रत्नागिरीला परके नाही, कारण शहराच्या दक्षिणेस रनपार-गोळप परिसरात फिनोलेक्सचा पीव्हीसी रेझिनचा कारखाना १९९० च्या दशकापासून चालू आहे. तेथले रेझिन मुख्यतः पाइपांकडे जाते. संरचनात्मक फोमसाठी पीव्हीसीत इतर रसायने मिसळून, दाब आणि उष्णता देऊन ते फुलवावे लागते, आणि तो उद्योग वेगळा आहे. भरीव पीव्हीसीची घनता घनमीटरला सुमारे १४०० किलो असल्याने ८० किलोच्या फोममध्ये घन पदार्थ आकारमानाच्या ६ टक्क्यांहूनही कमी असतो आणि उरलेले सारे बंद कोशांतले वायू असतात. असा पदार्थ काही सोसू शकतो हेच मुळात नवल आहे.

तो सोसतो कसा, याचे उत्तर दाबाच्या आलेखात मिळते. फोमचा ठोकळा हळूहळू दाबत नेला, तर पहिल्या टप्प्यात कोशांच्या भिंती किंचित वाकतात आणि दाब काढल्यास पूर्ववत होतात. दुसऱ्या टप्प्यात एका विशिष्ट दाबाला त्या भिंती थरामागून थर कोसळू लागतात. ठोकळा दबत जातो, पण लागणारा दाब मात्र जवळजवळ तेवढाच राहतो, म्हणून आलेखावर हा भाग पठारासारखा सपाट दिसतो. तिसऱ्या टप्प्यात कोसळलेल्या भिंती एकमेकींना भिडतात, दाबण्यासारखी पोकळी उरत नाही आणि दाब एकाएकी चढतो. याला सघनीकरण म्हणतात. आघातातली ऊर्जा शोषली जाते ती दुसऱ्या टप्प्यात, आणि सघनीकरण सुरू झाले की फोम भरीव पदार्थासारखा वागून तोच आघात पुढे पोचवू लागतो. कोशमय पदार्थांच्या या वर्तनाची सुसंगत मांडणी लॉर्ना गिब्सन आणि मायकेल ॲशबी यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात केली आणि फोमचा ताठरपणा घनतेच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात बदलतो हे सूत्र तिथूनच सर्वत्र गेले. म्हणजे घनता अर्धी केली तर ताठरपणा सुमारे एक चतुर्थांशावर येतो. दाब एकाच दिशेने न येता चारही बाजूंनी आणि तिरकस आला, तर फोम कोणत्या क्षणी कोसळू लागेल, हा प्रश्न अधिक अवघड होता. केंब्रिजमधील विक्रम देशपांडे आणि नॉर्मन फ्लेक यांनी २००० साली धातूच्या फोमसाठी जे प्रतिमान मांडले, ते आज आघाताची गणिते करणाऱ्या संगणक-प्रणालींमध्ये ‘देशपांडे-फ्लेक’ याच नावाने वापरले जाते, आणि प्लॅस्टिकच्या फोमसाठीही त्याचा आधार घेतला जातो.

आघात शोषण्याचा हा प्रश्न निसर्गाने सोडवलेला दिसतो तो रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथे, जिथे खाडीपलीकडे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. उंच जातीच्या माडावरून, समजा २० मीटरवरून, दीड किलोचा नारळ पडला तर हवेचा विरोध न धरता तो जमिनीला टेकताना ताशी ७० किलोमीटरांच्या आसपास वेगाने येतो आणि त्याची ऊर्जा ३०० ज्यूलच्या जवळ जाते. तरीही आतली करवंटी बहुधा शाबूत राहते. बाहेरची पातळ, गुळगुळीत साल हा एक पृष्ठथर, आतली करवंटी हा दुसरा, आणि मधला काथ्याचा जाड, हलका थर हा गाभा. काथ्या चेपला जाऊन आघाताचा काळ लांबवतो आणि बल मोठ्या क्षेत्रावर पसरवतो. उपमा मात्र येथेच थांबवावी लागते, कारण नारळाला तो आघात आयुष्यात एकदाच सोसायचा असतो. मासेमारी नौकेच्या खणाला तो दर फेरीला सोसावा लागतो, आणि काथ्याचे तंतू ज्या लवचिकपणे परत फुलतात तसा कडक फोम परत फुलत नाही.

आता आकड्यांकडे वळणे इष्ट ठरेल. घनमीटरला ८० किलो घनतेच्या पीव्हीसी फोमचा पठाराचा दाब सुमारे १.४ मेगापास्कल, म्हणजे चौरस मिलिमीटरला १.४ न्यूटन असतो. अडीच सेंटिमीटर जाडीचा असा गाभा तळहाताएवढ्या, १०० चौरस सेंटिमीटर क्षेत्रावर आपल्या जाडीच्या ६० टक्के दबला, तर तो सुमारे २१० ज्यूल ऊर्जा शोषतो. २० किलोचा नांगर एक मीटर उंचीवरून डेकवर पडला तर त्याची ऊर्जा १९६ ज्यूल भरते; म्हणजे गाभा तेवढा भाग कायमचा चेपून घेऊन तो आघात एकट्याच्या बळावर संपवू शकतो. खणातल्या ‘पफ’ची गोष्ट निराळी आहे. त्याचा पठाराचा दाब ०.२ मेगापास्कलच्या आसपास असल्याने पाच सेंटिमीटर जाड पफ तेवढ्याच क्षेत्रावर तेवढ्याच प्रमाणात दबला तरी त्यात साठ ज्यूलच्या वर काही जिरत नाही, तर ५० किलोची बर्फाची लादी अर्ध्या मीटरवरून पडल्यास २४५ ज्यूल घेऊन येते. उरलेली ऊर्जा पृष्ठथराने वाकून आणि बल मोठ्या क्षेत्रावर पसरवून झेलावी लागते. पृष्ठथर पातळ असेल किंवा लादी कोपऱ्यावर पडली असेल, तर ते त्याला जमत नाही. खणाच्या तळाशी वरच्या भिंतींपेक्षा जाड पृष्ठथर घालण्याचा आग्रह यातूनच येतो, आणि तो न पाळणाऱ्यांची बचत फार काळ टिकत नाही.

प्रत्यक्ष आघातात घटनांचा क्रम साधारण असा असतो, जरी पृष्ठथराची जाडी, फोमची जात आणि आदळणाऱ्या वस्तूचा आकार यांनुसार तो बदलतो. प्रथम आदळलेल्या जागेखालचा फोम चेपला जातो. मग पृष्ठथरातल्या रेझिनमध्ये बारीक तडे जातात आणि तंतूंचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. आघात जोरदार असेल तर गाभ्यात कर्तनामुळे सुमारे ४५ अंशांत तिरके तडे जातात, जे पृष्ठथर आणि गाभा यांच्या सांध्यापर्यंत पोचून तिथून आडवे पसरतात आणि दोहोंची पकड सोडवतात. आणि शेवटी तंतू तुटून वस्तू आरपार जाते. यातला सगळ्यात फसवा क्षण आघात संपल्यानंतरचा असतो. काचतंतूंचा पृष्ठथर लवचिक असल्यामुळे वाकून पुन्हा जवळजवळ सरळ होतो, परंतु त्याच्या खालचा फोम चेपलेलाच राहतो, आणि दोहोंच्या मध्ये एक चपटी पोकळी तयार होते. वरून पाहणाऱ्याला जेलकोटवर, म्हणजे सर्वांत बाहेरच्या रेझिनच्या लेपावर, कोळ्याच्या जाळ्यासारख्या दोन-चार रेषा दिसतात किंवा काहीच दिसत नाही. त्या जागी मात्र पृष्ठथराला खालून आधार उरलेला नसतो, आणि पुढे कधी नौका लाटेवर वाकून तो थर दाबला गेला तर तो बाहेर किंवा आत फुगून दुमडू शकतो. आघातानंतर उरलेली दाबसहनशक्ती ही या क्षेत्रातली कळीची संख्या मानली जाते ती यासाठी.

आघाताच्या वेगालाही स्वतंत्र अर्थ आहे, कारण वेग कमी असेल तर संपूर्ण पॅनेल वाकून प्रतिसाद देते आणि तो वाढला की पॅनेलला वाकायला वेळच मिळत नाही. याचे जगाला ठाऊक असलेले उदाहरण उलट बाजूचे आहे, कारण त्यात फोम मार खाणारा नसून मारणारा होता. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयानाच्या उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाह्य इंधनटाकीवरील पॉलियुरेथेन फोमचा अंदाजे पाऊण किलोचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखाच्या कडेवर ताशी आठशे किलोमीटरांहून अधिक सापेक्ष वेगाने आदळला. हाताने दाबला तर चिमटीत चुरगळणारा हा पदार्थ, पण त्या वेगाला त्याची ऊर्जा वीस हजार ज्यूलहून अधिक भरत होती. १ फेब्रुवारीला परतताना यान नष्ट झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी जुलैमध्ये केलेल्या चाचणीत तशाच फोमच्या तुकड्याने पंखाच्या कडेच्या पॅनेलला सुमारे ४० सेंटिमीटरचे भगदाड पाडले, तोपर्यंत फोम इतके करू शकेल यावर अनेक अनुभवी अभियंत्यांचा विश्वास बसत नव्हता.

समुद्रावर वेगाचा प्रश्न येतो तो पाण्याच्या रूपाने. वेगाने जाणारी नौका लाटेवरून उडून परत पाण्यावर आपटते तेव्हा तळावर येणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाल्यास दाब चौपट होतो. समुद्री विमानांच्या तरंड्यांसाठी फॉन कार्मान यांनी १९२९ मध्ये आणि हर्बर्ट वॅगनर यांनी १९३२ मध्ये मांडलेली या आपटण्याची गणिते आजही आधारभूत मानली जातात. पाण्याचा आघात टोकदार नसतो, त्यामुळे तो खड्डा पाडत नाही. तो संपूर्ण पॅनेल आत ढकलतो आणि गाभ्याला कर्तनाने फाडतो, तेही पॅनेलच्या मध्यभागी न करता ते जिथे बल्कहेडला म्हणजे आतल्या आडभिंतीला किंवा आडव्या तुळईला जोडलेले असते त्या कडेजवळ. गाभ्याची जात निवडताना याचा विचार करावा लागतो. आंतरबंधित पीव्हीसी फोम, ज्यात रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात, ताठर पण तुलनेने ठिसूळ असतो. साध्या साखळ्यांचा पीव्हीसी फोम आणि सॅन या नावाने मिळणारा फोम कमी ताठर असले तरी तुटण्यापूर्वी बरेच ताणले जातात. तक्त्यातला सर्वांत मोठा आकडा पाहून फोम निवडण्याची सवय डेकसाठी चालून जाते. नौकेच्या तळासाठी ती घातक आहे.

आघाताइतकेच महत्त्व या किनाऱ्यावर आघातानंतरच्या काळाला आहे, आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्या येथे अपुऱ्या पडतात. ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडणारा मनोरा, कोरडे आणि नवे पॅनेल, चारही कडांनी पकडलेले, आघात बरोबर मध्यभागी : या परिस्थितीत मिळालेले आकडे एकमेकांशी तुलना करायला उपयोगी असतात, पण त्यातले काहीच रत्नागिरीत घडत नाही. तेथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, मे महिन्यात गडद रंगाचा डेक इतका तापतो की ७० ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागणाऱ्या पीव्हीसी फोमची मर्यादा फार दूर राहत नाही, आणि खाऱ्या पाण्याचा स्पर्श कधीच सुटत नाही. जेलकोटमधल्या त्या दोन-चार रेषा पाण्याला वाट देतात. बंद कोशांचा फोम पाणी शोषत नाही हे खरे. चेपलेल्या फोमचे कोश मात्र बंद राहिलेले नसतात. शिवाय वक्र आकारावर बसावा म्हणून फोमचा तक्ता अनेकदा लहान लहान चौकोनांत चिरलेला असतो, आणि हाताने रेझिन लावताना त्या चिरा नीट भरल्या नाहीत तर पाण्याला गाभ्यात पसरण्यासाठी तयार पाटच मिळतात. निर्वातपंपाने रेझिन ओढून घेण्याची पद्धत या चिरा भरते, म्हणून वजन थोडे वाढले तरी ती स्वीकारावी असे येथे स्पष्टपणे सुचवावेसे वाटते.

मासळीच्या खणात तर आघाताची नोंद बर्फच ठेवतो. पाण्याची उष्णतावाहकता पफच्या सुमारे २५ पट असते, त्यामुळे तळाचा पृष्ठथर चिरून पफ भिजला की भिंतीतून उष्णता आत येऊ लागते आणि लादी नेहमीपेक्षा लवकर वितळते. बाहेरची दमट, उष्ण हवा आणि आतला थंड खण यांतल्या फरकामुळे बाष्पही सतत आतल्या बाजूला ढकलले जाते, म्हणून भिजलेला पफ आपणहून वाळत नाही. बर्फ पुरेनासा झाला म्हणून अधिक बर्फ भरला जातो, अधिक लाद्या टाकल्या जातात, आणि मूळ घाव वाढत राहतो. या साखळीत रचनेची मजबुती गेली हे कळण्याच्या आधी तिचा थंडावा गेलेला असतो. बर्फाचा खप ही खणाच्या प्रकृतीची सर्वांत स्वस्त चाचणी आहे, आणि तांडेलांनी, म्हणजे नौकेच्या प्रमुखांनी, तो मोजून ठेवल्यास कोणत्याही उपकरणाआधी बिघाड लक्षात येऊ शकतो.

लपलेला घाव शोधण्याची सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळ्यात उपयोगी रीत ठोकून पाहण्याची आहे. लहान हातोडीने किंवा नाण्याने पृष्ठथरावर ठोके देत गेले की शाबूत जागी आवाज घट्ट येतो आणि पृष्ठथर सुटलेला असेल तिथे तो बोदा होतो. फोम-गाभ्याचा मूळ आवाजच भरीव लॅमिनेटपेक्षा मवाळ असल्याने कानाला आधी शाबूत भागाची ओळख करून द्यावी लागते. श्राव्यातीत ध्वनीची उपकरणे, जी धातूच्या आणि भरीव लॅमिनेटच्या तपासणीत उत्तम काम करतात, फोममध्ये फारशी चालत नाहीत, कारण ध्वनी कोशांच्या भिंतींत विखुरतो आणि विरून जातो. उष्णता टिपणारा कॅमेरा अधिक कामाचा ठरतो : दिवसभर तापलेल्या डेकवर सूर्यास्तानंतर तो धरला, तर पाणी भरलेले भाग आजूबाजूच्या कोरड्या भागांपेक्षा अधिक काळ उबदार दिसतात.

दुरुस्तीची रीत तत्त्वतः सोपी आहे. सुटलेला पृष्ठथर कापून काढायचा, चेपलेला आणि भिजलेला फोम पूर्ण खरवडायचा, उरलेला भाग वाळवायचा, त्याच जातीचा आणि घनतेचा फोम बसवायचा आणि कापलेल्या कडा लांब उताराने घासून त्यांवर नवे थर चढवायचे. जखमेवर नुसती मॅट आणि रेझिन चढवून वरून रंग दिला, तर ओला, चेपलेला गाभा आत तसाच बंद होतो, आणि पुढच्या आघाताला तिथे आधार नसतो. यातली सर्वांत अवघड पायरी वाळवण्याची, आणि ती अवघड होते ती पंचांगामुळे. पावसाळी मासेमारीबंदी १ जूनपासून सुरू होते, त्याच वेळी नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, आणि डागडुजीचा काळही तोच धरला जातो. लाकडाला तो काळ मानवत असे, कारण ओल लागून फुगलेली फळी सांधे घट्टच करते. फोमच्या गाभ्याला आणि पॉलिएस्टर रेझिनला तो वर्षातला सर्वांत वाईट काळ आहे. बाष्पाने भरलेल्या हवेत भिजलेला गाभा महिनाभर उघडा ठेवला तरी वाळत नाही, आणि दमट पृष्ठभागावर चढवलेल्या रेझिनची पकड कच्ची राहते. म्हणून ठोकून तपासणी एप्रिलअखेर आणि दुरुस्ती मेच्या उन्हात, किंवा ते शक्य नसल्यास बंद शेडमध्ये हवेतली आर्द्रता यंत्राने कमी करून, हाच मार्ग उरतो. शेडचा खर्च एकट्या नौकामालकाला परवडणारा नाही, तो सहकारी संस्थांनाच पेलेल. आणि मेमधले दिवस म्हणजे बंदीपूर्वीच्या शेवटच्या फेऱ्यांचे, उधारी फेडण्याचे दिवस असतात, त्या दिवसांत शाबूत दिसणारी नौका केवळ तिच्या आवाजावरून किनाऱ्याला लावायला मालक तयार होतो की नाही, यावर या साऱ्या शास्त्राचा रत्नागिरीतला उपयोग अवलंबून आहे.